प्लास्टिकच्या शेडचा गंज

“आता याला गंज लावून द्या,” आठल्ये साहेब म्हणाले, आणि मी ब्रश खाली ठेवला.

मी रेल्वेच्या कारखान्यात पेंटर होते. नवरा नोकरीत असताना गेला, त्याच्या जागी मला घेतलं. चौथी पास बाईला टेबलावरचं काम कोण देणार? हातात खरवडायची पत्ती दिली आणि मालगाडीच्या डब्यापुढे उभं केलं. पुढे ब्रश मिळाला, मग स्प्रेगन, मग डब्यावर नंबर छापायचे पत्रे. पण काम शेवटपर्यंत एकच. गंज काढायचा आणि तो परत दिसू नये म्हणून वरून रंग द्यायचा. गंजाशी माझं वैर कधीच नव्हतं, त्याच्यामुळेच तर माझी चूल पेटली. तरी आपल्या हाताने गंज लावायचा, असं आजवर मला कुठल्याही साहेबाने सांगितलं नव्हतं.

“साहेब, हे प्लास्टिक आहे,” मी म्हटलं. “हौदात बुडवून ठेवलं तरी गंजायचं नाही.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलंय, इंदूताई. आपोआप गंजलं असतं तर मी नुसती वाट पाहिली असती.”

साहेबांना अशी उत्तरं सुचतात. एका मोठ्या सरकारी कंपनीत इंजिनिअर होते, तिथून रिटायर झाले. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात सिविल लाइंसला घर आहे. त्या घरात खालच्या मागच्या खोलीत एक टेबल होतं. टेबल कसलं, दोन पलंग जोडावेत एवढं मोठं. त्यावर रूळ, सिग्नल, स्टेशन, झाडं आणि विजेवर पळणाऱ्या गाड्या. माणसं बोटाच्या पेराएवढी. साहेबांचे वडील एका छोट्या जंक्शनवर रेल्वेत होते, साहेबांचं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. तेच जंक्शन त्यांनी टेबलावर उभं केलं होतं. जंक्शनचं नाव मी सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला उगाच बरंवाईट वाटायला नको.

सगळं झालं होतं, एक शेड राहिली होती. शेड म्हणजे वाफेची इंजिनं उभी करायची जागा. तिथे इंजिनं धुवायची, तपासायची, दुरुस्त करायची. अशा जागेला भिंती कमी आणि लोखंड जास्त. खाली खांब, खांबांवर गर्डर, गर्डरवर कैच्या. कैची म्हणजे छप्पर पेलणारा लोखंडी त्रिकोण. खरी कैची चढवायला क्रेन लागते. साहेबांची कैची मी चिमटीत धरून फुंकर मारली तर उडाली असती.

हे सगळं लोखंड त्यांनी प्लास्टिकचं मागवलं होतं. पांढरे पातळ भाग, एका चौकटीला चिकटलेले. ते कापून काढायचे आणि चिकटवत जायचं. त्यावर रिवेटसुद्धा होते, म्हणजे लोखंड जोडणारे खिळे, खसखशीएवढे. चिकटवायचं काम साहेबांनी फार सुबक केलं होतं. रंगाला हात लावला तेव्हा मात्र दोन खांब असे काही लिंपले की लोखंडाऐवजी शेणाने सारवल्यासारखे दिसायला लागले. तेव्हा साहेबांच्या बायकोने, वहिनींनी, मला फोन केला.

साहेबांना घाई होती आणि ती वहिनींमुळे होती. वहिनींची मोठी बहीण ग्वाल्हेरला एकटी राहायची. न्हाणीघरात पडली, पाय मोडला. आता ती एकटी राहू शकत नाही आणि जिना चढू शकत नाही. दिवाळीआधी तिला इकडे आणायचं ठरलं होतं. खालच्या मजल्यावर रिकामी करता येईल अशी खोली एकच, टेबलाची.

“मी यांना स्वच्छ सांगितलंय,” वहिनी मला म्हणाल्या, “माझी बहीण टेबलाखाली झोपणार नाही.”

टेबल वर नेता येत नव्हतं, कारण जिना मध्येच वळतो. मुलगा बंगलोरहून म्हणाला, कापून कबाडीला द्या, भंगारात. साहेबांनी त्याच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. शेवटी नगऱ्यात, इथल्या रेल्वेवाल्यांच्या वस्तीत, आम्हा पेन्शनरांचा एक हॉल आहे, तिथल्या कमिटीने टेबल ठेवून घ्यायची तयारी दाखवली. काचेची पेटीही करून देतो म्हणाले. पण एक अट घातली. कमिटीत सगळ्यात म्हातारे श्रीवास्तव जी. त्या जंक्शनच्या शेडचे ते शेवटचे फोरमन. फोरमन म्हणजे कामगारांचा वरचा माणूस, शेडमध्ये त्याचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, “शेड हमारा था. पहले हम देखेंगे, फिर रखेंगे.” त्यांनी नाही म्हटलं तर कमिटीत दुसरं कुणी हो म्हणणार नव्हतं.

म्हणजे शेड पास झाली तर टेबल हॉलमध्ये. नापास झाली तर कबाडीच्या ठेल्यावर. साहेबांना रात्रीची झोप नव्हती, असं वहिनी म्हणायच्या. पण त्या असंही म्हणायच्या की ते दुपारी भरपूर झोपतात.

काम मी घेतलं. पहिल्या दिवशीच माझं आणि साहेबांचं वाजलं.

ते म्हणाले, आधी सगळे भाग साबणाने धुवा. मला वाटलं थट्टा करतात. पण नाही. प्लास्टिक साच्यातून सुटावं म्हणून साच्याला तेलासारखं काही लावतात. ते भागांवर राहिलं तर रंग धरत नाही. हे मला पटलं, लोखंडालाही आम्ही आधी तेल पुसून घ्यायचो. मी भांड्याच्या साबणाने सगळं धुतलं आणि ओट्यावर भांडी पालथी घालायच्या टोपलीत निथळायला ठेवलं. वहिनी आल्या, वाटी उचलायला गेल्या आणि हातात कैची आली.

“इंदूताई, हे जेवायला थांबणार आहेत का?”

“नाही वहिनी, वाळले की जातील.”

“या घरातलं काही जात नाही,” वहिनी म्हणाल्या आणि वाटी शोधून घेऊन गेल्या.

दुसरं भांडण थिनरवरून झालं. थिनर म्हणजे रंग पातळ करायचं औषध. साहेबांनी पाण्यात कालवायचे रंग आणले होते, छोट्या बाटल्यांत. पाण्याचा रंग म्हटला की मला शाळेतली चित्रकलेची पेटी आठवते. मी घरून माझा लोखंडाचा रंग आणि थिनर आणला. साहेब म्हणाले, प्लास्टिक विरघळेल. मी म्हटलं, आयुष्य गेलं यात माझं. ते म्हणाले, मग त्या कापून टाकलेल्या चौकटीवर लावून बघा. लावला. चौकटीचा तुकडा आधी चिकट झाला, मग पापड भाजताना वळतो तसा वळत गेला. साहेब नुसते चष्मा पुसत राहिले. फार वेळ पुसला. मी थिनरची बाटली पिशवीत घातली आणि त्यांच्या छोट्या बाटल्या पुढे ओढल्या.

तिसरं भांडण मात्र मी जिंकले. साहेबांना सगळं नियमाने हवं होतं. आधी रेड ऑक्साइडचा कोट, म्हणजे गंज थांबवणारा तो लाल-विटकरी प्रायमर. मग त्यावर राखाडीचे दोन कोट. खऱ्या लोखंडाला असंच करतात, अगदी बरोबर आहे. पण खऱ्या खांबावर रंगाचा एक कोट म्हणजे काहीच नाही. पेराएवढ्या माणसाच्या शेडमध्ये तोच कोट भिंतीच्या प्लास्टरएवढा जाड होतो. त्या दोन लिंपलेल्या खांबांवर साहेबांनी तेच केलं होतं. रिवेट कुठे गेले ते शोधूनही सापडत नव्हते.

“प्रायमर नको,” मी म्हटलं. “आतलं पांढरं झाकेल एवढा एकच पातळ हात.”

“स्पेसिफिकेशनप्रमाणे तीन कोट लागतात, इंदूताई.”

“स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याला हा खांब दाखवलात का?”

ते दोन खांब आम्ही टाकून दिले आणि नवे जोडले. पातळ राखाडी हात दिला. मग साहेबांनी सांगितलं की राखाडीत थोडा पांढरा घाला, कारण लांबून पाहिलेला रंग फिका दिसतो आणि हे सगळं आपण लांबूनच पाहतोय असं समजायचं. मला हे नुसतं बोलणं वाटलं. घरी जाताना पुलावर थांबून यार्डातल्या खांबांकडे पाहिलं. साहेबांचं खरं होतं. कारखान्यात माझं नाक कायम लोखंडाला चिकटलेलं असायचं, लांबून पाहायची वेळच कधी आली नव्हती.

रिवेट उठून दिसायला एक युक्ती आहे. ब्रश फिक्या रंगात बुडवायचा आणि फडक्यावर इतका पुसायचा की त्यात काही उरलंय असं वाटू नये. मग तो लोखंडावरून, म्हणजे प्लास्टिकवरून, झाडू मारल्यासारखा अलगद फिरवायचा. उंचवट्यावर तेवढा रंग बसतो. खसखशीचे दाणे एकेक करून वर येतात. हे करताना वहिनी येऊन मागे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ पाहत होत्या. जाताना म्हणाल्या, “देवघराच्या पितळी घंटेलासुद्धा इतका वेळ कुणी दिला नाही या घरात.”

इथपर्यंत आलो आणि साहेबांनी गंजाचं काढलं.

त्यांच्याकडे फोटो होते, परदेशातल्या कुणाकुणाच्या टेबलांचे. त्यात शेड वरपासून खालपर्यंत तपकिरी, समुद्रातून बुडालेलं जहाज वर काढावं तशी.

“असं हवंय,” ते म्हणाले. “असं असलं की खरं वाटतं.”

“साहेब, ही शेड एवढी गंजली असती तर पडली असती. आणि पडायच्या आधी निदान चार जण सस्पेंड झाले असते.”

“म्हणजे गंज नव्हताच?”

“गंज नाही असं लोखंड मी पाहिलेलं नाही. पण तो कुठेही लागत नाही. त्याच्या जागा ठरलेल्या असतात.”

त्या जागा मी त्यांना सांगितल्या. खांबाचा पाय जिथे जमिनीत जातो, तिथे पाणी साचतं. दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे मधे ओल राहते. आणि सगळ्यात जास्त पन्हळीखाली. पन्हळ म्हणजे छपराच्या कडेचा पाणी वाहून नेणारा पत्रा. तो कोपऱ्यावर हमखास फुटतो आणि त्याच्या खालचा खांब बारा महिने रडतो. कैच्यांना मात्र गंज कमी, कारण वर धूर. धुराचा तेलकट थर बसला की लोखंड टिकतं.

साहेबांनी फोटो बाजूला ठेवले. मला वाटतं थोडे हिरमुसले. पण म्हणाले, “मग तुमच्या जागा, तुमचा गंज.”

गंजासाठी मी बाटलीतला रंग घेतला नाही. आमच्याकडे तुळशीच्या कट्ट्याला लावायचा गेरू घरात असतो, तो आणला, त्यात थोडा काळा मिसळला आणि फोमच्या तुकड्याने टिपत गेले. कैच्यांना वहिनींच्या समईची काजळी लावली. रूळ जातो बरोबर त्याच्यावरच, कारण इंजिनाचं धुराडं तिथे येतं. आणि मागच्या कडेच्या, शेवटच्या रुळाला लागून असलेल्या कोपऱ्यातल्या खांबाला मी पन्हळीपासून पायापर्यंत एक लांब ओघळ काढला. तो इतका चांगला जमला की माझा हात आपोआप खरवडायची पत्ती शोधायला लागला.

साहेबांनी शेडवर छप्पर बसवलं, अर्धं उघडं ठेवून, आतलं लोखंड दिसावं म्हणून. मग खाली वाकून, डोळा टेबलाला लावून पाहिलं. बराच वेळ उठले नाहीत. वहिनींना वाटलं कंबर धरली.

“हीच,” ते म्हणाले. “अशीच होती.”

श्रीवास्तव जी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आले. नव्वदीला टेकलेले, काठी, पांढरा सदरा, कानात मशीन. मला कारखान्यापासून ओळखत नव्हते, पण पेंटर म्हटल्यावर मान हलवली. बसा म्हटलं तर बसले नाहीत. टॉर्च मागितला. साहेबांनी आधीच नवे सेल घालून ठेवला होता.

त्यांनी सुरुवात दारापासून केली, जसं इन्स्पेक्शनला करतात. सिग्नल पाहिला. पाण्याची टाकी पाहिली. मग शेडच्या आत टॉर्च मारला.

“धुआँ ठीक है,” ते म्हणाले. “पटरी के ऊपर ही काला है. किसने किया?”

“मी. मैंने किया, जी,” मी म्हटलं.

“अच्छा है.”

साहेबांच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात होत्या, त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. टॉर्च कैचीवरून गर्डरवर आला, गर्डरवरून खांबावर, खांबावरून खाली. आणि तिथे थांबला.

“जे का है?” हे काय, असं त्यांनी विचारलं.

“जंग है, श्रीवास्तव जी,” साहेब उत्साहाने म्हणाले. “एकदम रियल लगता है ना?”

“मेरे शेड में?”

त्यांनी टॉर्च त्या खांबावरून आमच्या तोंडांवर फिरवला.

“जंग किसने लगाया?”

“मैंने,” मी म्हटलं.

“काहे?”

“साहब ने कहा.” कारखान्यात मी दुसरं काही शिकले नसेन, पण हे उत्तर शिकले होते.

श्रीवास्तव जींनी काठी टेबलाला टेकवली. “आठल्ये साब, हमने उस शेड में जिंदगी निकाली. जी. एम. साब आए, मंत्री आए, एक आदमी बता दे कि खंभे पे जंग देखा. आप हमको हमारे ही हॉल में काँच के अंदर बदनाम करोगे?”

“अहो, बदनाम नाही,” साहेब घाईत मराठीतच बोलायला लागले, मग हिंदीवर आले. “मैं वहीं पला हूँ. मुझे याद है, खंभे लाल-लाल...”

“आप तब निक्कर में थे. आपको सब लाल दिखता होगा.”

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत टेबलाकडे. कापून न्यायचं तर कुठून कापावं लागेल याचा हिशोब त्या करत होत्या, असं मला वाटलं. साहेब उभेच होते. त्यांचे हात टेबलाच्या कडेवर होते, कुणी आत्ताच ओढून नेणार असल्यासारखे घट्ट. इतके दिवस मी या माणसाची मजा पाहत होते. त्या वेळी पाहवली नाही.

“श्रीवास्तव जी,” मी म्हटलं, “रंग देते हैं. अभी.”

ते माझ्याकडे वळले. “अभी सूखेगा?”

“आप चाय पियोगे तब तक सूखेगा.”

“तो मारो. पहले रेड ऑक्साइड.”

“ये प्लास्टिक है, जी,” साहेब म्हणाले. “प्लास्टिक को प्रायमर...”

“जंग पे सीधा रंग मारोगे? कंपनी में यही सिखाया?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. प्रायमरवरून मी जिंकलेलं भांडण डोळ्यांदेखत हातातून चाललं होतं. पण फोरमनने सांगितलं की पेंटरने मारायचं, यात चर्चा नसते. मी बाटलीतला विटकरी रंग घेतला, जमेल तेवढा पातळ केला आणि जिथे जिथे गंज होता तिथे तिथे रेड ऑक्साइड मारायला लागले. खुर्ची आणवून श्रीवास्तव जी माझ्या शेजारी बसले. चहा पीत बोटाने दाखवत होते. “जे पाया छूटा. इसके पीछे. ब्रश आड़ा नहीं, खड़ा.”

एक गंमत पेंटरखेरीज कुणाला कळायची नाही. रेड ऑक्साइडचा रंग आणि गंजाचा रंग, दोघे सख्खे भाऊ. प्रायमर पुरा झाला तेव्हा शेड आधीपेक्षा दुप्पट गंजलेली दिसत होती. साहेबांनी डोळे मिटून घेतले. श्रीवास्तव जी मात्र प्रसन्न होते. “अब लगता है काम चल रहा है,” म्हणाले.

एक खांब बाकी होता, तो कोपऱ्यातला, लांब ओघळाचा. मी ब्रश तिकडे नेला आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

“इसको रहने दो.”

मला वाटलं दमले. “बस एकच आहे, जी. एक ही तो बचा है.”

“रहने दो कहा ना.” त्यांनी टॉर्च लावून तो खांब वरून खाली पाहिला, आणि मग परत वर. “तुम उधर थीं क्या कभी?”

“नहीं जी. कभी नहीं.”

“फिर ये कैसे मालूम?”

“कोने की पन्हळ... नाली फूटती ही है. जिधर फूटेगी, उसके नीचे का खंभा जाएगा.”

म्हातारे हसले. आवाज न करता, खांदे हलवत. “जाता था,” ते म्हणाले. “हर बरसात. नाली बदलने को बोलो तो माल नहीं है. हम रंग मारते थे, पहली बारिश में सब नीचे. साल दर साल. यही खंभा.”

साहेब एकदम पुढे आले. “मग इन्स्पेक्शनला काय करायचात? क्या करते थे आप?”

श्रीवास्तव जी खुर्चीतच पुढे सरकले, टेबलाचा आधार घेतला आणि वाकले. स्टेशनात साहेबांचं एक काळं इंजिन उभं होतं, पितळी पट्ट्यांचं, सगळ्यात मोठं. साहेब ते स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हाताऱ्यांनी ते उचललं. साहेबांच्या तोंडातून कसलातरी आवाज निघाला, पण शब्द झाला नाही. श्रीवास्तव जींनी ते शेडच्या शेवटच्या रुळावर ठेवलं, बोटाने जरा मागे ढकललं, जरा पुढे घेतलं, टॉर्च मारून पाहिलं. खांब दिसेनासा झाला. इंजिन चाकापासून धुराड्यापर्यंत चकाचक.

“ऐसे,” ते म्हणाले.

“आणि बडे साहेब काही विचारत नव्हते?” वहिनींनी दारातून विचारलं. श्रीवास्तव जींना मराठी कळेल असं मला वाटलं नव्हतं, पण कळली.

“पूछते थे, भाभी जी. इंजन के बारे में पूछते थे.”

बाकीच्या खांबांना मी राखाडी मारला. ते प्रत्येक खांबाला पुरा होईस्तोवर थांबले, मग साहेबांचा हात धरून उठले. टॉर्च परत केला.

“पास है. परसों टेंपो भेजेंगे. पर ये इंजन यहीं रहेगा. हिलेगा नहीं.”

“हे?” साहेब म्हणाले. “यही वाला? ये तो मेन लाइन का इंजन है, जी. बाकी सब गाड़ी इसी से...”

“यही,” श्रीवास्तव जी म्हणाले. “छोटे इंजन से खंभा पूरा नहीं ढकता.”

टेबल हॉलमध्ये गेलं. काचेची पेटी झाली. वहिनींची बहीण आली, खोलीत पलंग लागला, आणि आता ती सकाळी सहाला रेडिओ लावते म्हणून साहेब रोज हॉलमध्ये येऊन बसतात. लहान इंजिनं सगळी पळतात. मोठं शेडमध्ये उभं असतं. पाहायला येणारे विचारतात, एवढं देखणं इंजिन चालत का नाही. साहेब म्हणतात, मेंटेनन्समध्ये आहे. श्रीवास्तव जी मंगळवारी येतात, पेटीपुढे वाकून तपासतात आणि इंजिन कुणी केसभर हलवलेलं दिसलं तर चावी मागवतात.

रिवेट झाकले गेले ते गेलेच. प्रायमरसकट तीन कोट बसले त्या खांबांच्या पायांवर, जसे साहेबांना सुरुवातीपासून हवे होते तसे. साहेब ते मला अधूनमधून दाखवतात. मी चष्मा आणला नाही म्हणून सांगते.

जन्मभर रंग मारून मला वाटत होतं की शेड पास होते ती रंगावर. रंगाने पाऊण काम होतं. उरलेल्या पाव कामाला एक इंजिन लागतं, आणि त्यात नेमकं तेच अडकतं जे आपल्याला चालवायचं असतं.